मरूद्यान काकूचं, पार्किंगही काकूलाच

मंगला वानखेडे, वय सत्तर, निवृत्त भूगोल शिक्षिका, राहणार दारव्हा, जिल्हा यवतमाळ, यांच्यावर गुढीपाडव्यानंतरच्या शनिवारी सकाळी साडेदहा वाजता कॅलिफोर्नियाच्या वाळवंटातल्या एका पार्किंगमध्ये अन्याय झाला. अन्याय करणारे सगळे त्यांच्यावर जीव टाकणारे होते. कोणी आवाज चढवला नाही, कोणी वाईट शब्द वापरला नाही. म्हणूनच तो अजून कोणाला दिसलेला नाही.

परत आल्यापासून सगळे म्हणतायत, "रेवा, तू लिहितेस ना, मग ट्रिपचं मस्त वर्णन लिही की." लिहिते. मस्त आहे की नाही ते तुम्ही ठरवा.

नेपरव्हिल, निघण्याआधी

मंगलाकाकू माझी सख्खी काकू. तिचा मुलगा निखिलदादा शिकागोजवळ नेपरव्हिलला राहतो, आयटीत आहे. केतकीवहिनीची नोकरी घरूनच, पण दिवसभर मीटिंगा. सान्वी आठ वर्षांची. मी मिशिगनला ॲन आर्बरमध्ये शिकते आणि उरलेल्या वेळात, खरं तर न उरलेल्या वेळात, भाडेकरूंच्या एका छोट्या गटासाठी पत्रकं लिहिते. थंडीत एखाद्या घरमालकाने हीटर दुरुस्त केला नाही की आमचं पत्रक निघतं. कोणावर, कधी, कुठे हे पहिल्या ओळीत सांगायची सवय तिथली.

काकू ऑक्टोबरात आली ती सहा महिन्यांसाठी. नेपरव्हिलचा हिवाळा तुम्हाला माहीत नसेल तर सांगते: घराबाहेर पडायला गाडी लागते आणि गाडी बाहेर काढायला आधी बर्फ उपसावा लागतो. काकूला गाडी येत नाही. म्हणजे काकू घरात. सान्वीचा डबा, सान्वीची बस, दोन वेळचा स्वयंपाक, ड्रायरमधून निघालेल्या कपड्यांच्या घड्या. वहिनी मला फोनवर म्हणायची, "आई आल्यापासून किती आराम आहे गं!" ती हे प्रेमानेच म्हणायची. आराम कोणाला, हा प्रश्न मी विचारला की म्हणायची, "तू पण ना, सगळ्याचं आंदोलन करतेस."

जानेवारीत एकदा निखिलदादाने जेवताना विचारलं, "आई, जायच्या आधी काय बघायचंय बोल. न्यूयॉर्क? डिस्ने?"

काकू म्हणाली, "मरूद्यान."

"काय?"

"ओॲसिस रे. वाळवंटातलं. सहाराचा धडा होता नं सहावीला, तीसेक वर्षं शिकवला. फळ्यावर तीन खजुराची झाडं काढायची, मध्ये पाणी, बाजूला उंट. उंट काही जमला नाही मला कधी. पोरी म्हणायच्या, बाई, गाय काढली. पण मी सांगायची त्यांना, मरूद्यानात पाय टाकला की एकदम गारवा लागतो. सांगताना मला स्वतःलाच वाटायचं, खरंच लागत असेल का?"

सहा महिन्यांत स्वतःसाठी मागितलेली ही एकच गोष्ट. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे लागेल.

सहाराला जायचं म्हणजे व्हिसा, सुट्ट्या, काकूचे गुडघे. ते बारगळलंच असतं, पण दादाच्या ऑफिसातला मित्र संदीप मदतीला आला. संदीप पुण्याचा, लग्न झालेलं नाही, त्यामुळे दुसऱ्यांच्या सहली आखायला मोकळा. त्याने शोधून काढलं की कॅलिफोर्नियाच्या दक्षिणेला वाळवंट आहे, वाळवंटात खरीखुरी मरूद्यानं आहेत, आणि जवळच खजुराच्या बागा आहेत, ज्यांची मूळ रोपं शंभरेक वर्षांपूर्वी उत्तर आफ्रिकेतून बोटीने आणली होती. "काकू, सहारा नाही तर सहाराची फ्रँचायझी!" तो म्हणाला. काकू इतकी हसली की डोळ्यांतून पाणी आलं. सान्वीच्या वसंतातल्या सुट्टीचे शेवटचे, काकूच्या परतीच्या विमानाआधीचे तीन दिवस ठरले. संदीप येणारच होता. मलाही बोलावलं. मी गेले.

शुक्रवार, खजुराच्या बागा

विमानातून उतरलो तेव्हा सगळ्यांनी जाकिटं काढून हातात घेतली आणि काकूने ती सगळी आपल्या हातात घेतली. असंच सुरू झालं.

ते वाळवंट आपल्या मनातल्यासारखं नाही. वाळूच्या टेकड्या नाहीत. करड्या-तांबूस दगडांचे उघडे डोंगर, त्यांच्या पायथ्याशी वाऱ्यावर फिरणाऱ्या पांढऱ्या पवनचक्क्यांची अख्खी फौज, आणि मधूनच डोळ्यांना झोंबेल इतकं हिरवं गवत. हे गवत गोल्फचं. पाऊस जेमतेम चार बोटं पडतो त्या जागी लोक हिरवळीवर चेंडू मारत उभे असतात. मी गाडीत यावर बोलायला लागले तर संदीप म्हणाला, "यार रेवा, व्हेकेशनवर आहोत ना आपण?" काकू मात्र म्हणाली, "बोलू दे तिला. आमच्या यवतमाळात टँकर येतो, यांच्याकडे कारंजं उडतंय." मग दहा मिनिटं आम्ही दोघीच बोललो. प्रवासातली ती माझी सगळ्यात सुखाची दहा मिनिटं.

खजुराच्या बागा खोऱ्याच्या खालच्या टोकाला आहेत. झाडं दोरी धरून लावल्यासारखी सरळ रांगेत, दीपमाळेएवढी उंच, आणि प्रत्येक खोडाला टेकवलेली शिडी. मार्चमध्ये माणसं त्या शिड्यांवर चढून नर झाडाचा पराग मादी झाडाच्या फुलोऱ्याला लावतात. वाऱ्यावर भरवसा ठेवत नाहीत. बागेपाशी एक दुकान होतं. काउंटरवरच्या बाईंनी काकूपुढे निरनिराळ्या खजुरांच्या फोडी ठेवल्या. आपल्याकडे खजूर म्हणजे उपासाचा, प्लास्टिकच्या पाकिटात चिकटून बसलेला गोळा. इथे एक काळपट आणि लोण्यासारखा, एक पिवळा, कुरकुरीत, एक तर चक्क गुळाच्या पाकाच्या चवीचा. काकू एकेक तोंडात टाकून डोळे मिटत होती. त्या बाईंनी तिला सांगितलं की खजुराच्या बुंध्याशी पिल्लं फुटतात, ती काढून लावली की तेच झाड पुन्हा तयार होतं. सहाराहून आलेली होती ती पिल्लंच.

"म्हणजे केळीसारखंच," काकू म्हणाली. "आई तिथेच राहते, पिल्लू परदेशात."

दादा खजुराचं मिल्कशेक पीत होता. त्याला ठसका लागला.

संध्याकाळी भाड्याच्या घरात शिरलो तर वहिनी म्हणाली, "उद्या ट्रेलवर काय खायचं? तिकडे काही मिळत नाही म्हणे." संदीप म्हणाला, "काकूंच्या तिखट पुऱ्या! दॅट्स व्हॉट आय कॉल हायकिंग फूड." आणि बॅगेतून नेपरव्हिलहून आणलेलं कणकेचं पीठ, जवसाची चटणी, एवढंच काय, लाटणंसुद्धा बाहेर निघालं. बाकीचे मागच्या अंगणातल्या स्विमिंग पूलमध्ये उतरले. काकू पुऱ्या लाटायला उभी राहिली. मी लाटणं मागितलं. तिने माझी पहिली पुरी बघितली आणि म्हणाली, "हा कोणता देश? जाय, तू पाण्यात जाय."

मी गेले नाही. पण पुऱ्याही माझ्याकडून झाल्या नाहीत. तळायला झारा घेऊन उभी राहिले आणि मनात पत्रक लिहीत राहिले.

शनिवार, पार्किंग

त्या जागेचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही. लिहिलं तर पुढच्या सुट्टीत आपल्याच लोकांच्या वीस गाड्या तिथे उभ्या राहतील आणि प्रत्येकीतून एकेक काकू खाली उतरेल.

डांबरी रस्ता संपतो तिथे एक पार्किंग, एक टेबल-बाकडं, त्यावर पत्र्याची सावली आणि शौचालय. समोर कोरडी, दगडगोट्यांची नदी डोंगराच्या खिंडीत वळते. त्या वळणामागे मरूद्यान. पाऊण तासाची वाट. पार्किंगमधून एकही झाड दिसत नाही, हे आवर्जून सांगते. एकही नाही.

तिथे एक पाटी होती: गाडीला कुलूप लावा, मौल्यवान वस्तू दिसतील अशा ठेवू नका. सात सीटची भाड्याची व्हॅन, उत्तम कुलूप, काळ्या काचा. कोणीही पाटी वाचून काय करेल? बॅगा मागे टाकेल, कुलूप लावेल, चालू लागेल. आजूबाजूचे सगळे तेच करत होते.

आम्ही बॅगा बाहेर काढल्या.

"पासपोर्ट आहेत यार सगळे," संदीप म्हणाला. "आणि माझा ऑफिसचा लॅपटॉप. मी ऑन-कॉल आहे." मग वहिनीची पर्स निघाली. दादाच्या कॅमेऱ्याच्या जास्तीच्या भिंगांचा डबा निघाला. पुऱ्यांचा कूलर निघाला, कारण बंद गाडीत चटणी खराब होईल. सगळं त्या बाकड्यावर रचलं गेलं. आणि मग ते वाक्य आलं, जे मी जन्मापासून प्रत्येक फलाटावर, प्रत्येक एसटी स्टँडवर, प्रत्येक देवळाबाहेर ऐकलंय:

"सामानापाशी कोणीतरी बसायला हवं."

कोणीतरी! या शब्दाला आमच्या घरात चेहरा आहे. आमच्या घरातल्या सहलींचा कोणताही फोटो काढा. चिखलदरा: सगळे दरीच्या कठड्यापाशी, काकू नाही. नागझिरा: सगळे जीपमध्ये, काकू नाही. नोव्हेंबरात नायगराला गेले होते, तिथे सगळे कठड्याला टेकून ओलेचिंब, काकू नाही. ती कुठे होती विचारलं की उत्तर एकच. ती होती की. सामानापाशी होती.

"मी बसते," काकू म्हणाली.

आता कोणी म्हणेल, बघा, ती स्वतःच म्हणाली. दादा आजही तेच म्हणतोय. मी त्याला विचारते, दुसरं कोणी तोंड उघडतंय का याची तिने वाट बघितली होती, ती तुला ऐकू आली नाही का? वाक्य संपलं आणि सगळे बुटांच्या नाड्या बांधायला वाकले. सगळे एकदम. त्या वाकण्यात काय ते ठरलं.

"काकू, गाडीला कुलूप आहे," मी म्हणाले.

"अगं लॅपटॉप आहे त्याचा."

"लॅपटॉपला पाय फुटणार आहेत का? संदीप, तू बस तुझ्या लॅपटॉपपाशी. ऑन-कॉल आहेस ना?"

"अरे पण वाट मला माहितीये. मॅप मी डाउनलोड केलाय."

"मग मी बसते."

"तू काहून बसशील?" काकू एकदम वऱ्हाडीत आली, म्हणजे चिडली. वर्गात प्रमाण मराठी, रागात दारव्हा. "लहान आहेस, पाय चांगले आहेत, जाय. लोकं बघतात. उगा तमाशा नको."

दादाने तोडगा काढला. "आई, आम्ही आधी वाट बघून येतो. सोपी असली तर मग तुला नेतो. ओके? सेकंड राउंड." हे ऐकायला इतकं शहाणपणाचं होतं की मी गप्प बसले. काकू बाकड्यावर बसली. एका हाताशी पर्स, दुसऱ्या हाताशी कूलर, मांडीवर लॅपटॉप. डोक्यावर सान्वीची गुलाबी टोपी.

खिंडीच्या आत

वर्णन हवंय ना? घ्या.

कोरड्या नदीतून चालताना पावलांखाली गोटे सरकतात. दोन्ही बाजूंना उंच काटेरी छड्यांची झुडपं, टोकाला शेंदरी फुलांचे तुरे, जणू कोणी काठ्यांना पेटवून ठेवलंय. पिंपाच्या आकाराचे निवडुंग. ऊन कानांच्या पाळ्यांना लागतं. शेवटी वाट मोठाल्या धोंड्यांमधून चढते, तिथे हात टेकावे लागतात. वळण घेतलं आणि मी थांबले.

पन्नास-साठ झाडं असतील. बागेतल्या खजुरांपेक्षा जाड खोडांची, पंख्यासारख्या पानांची, इथल्याच मातीतली. त्यांची जुनी पानं गळून पडत नाहीत. वाळून खोडाभोवतीच लोंबतात, वरपासून खालपर्यंत, सोनेरी घागऱ्यासारखी. वाऱ्यात ती सळसळतात तेव्हा पाऊस आल्यासारखं वाटतं, डोक्यावर मात्र कोरडं निळं आभाळ. इथले मूळ रहिवासी पिढ्यान्‌पिढ्या या पाण्यावर राहिले; पानांची छपरं केली, बारीक काळी फळं दळून खाल्ली. मुळांपाशी पाणी. घोट्याएवढंच, पण वाहतं. त्यात बेडूक ओरडत होता. वाळवंटात बेडूक!

आणि गारवा. पहिल्या झाडाच्या सावलीत पाय टाकला आणि अंगावरून कोणी ओला पंचा फिरवावा तसा गारवा लागला. एकदम. जसं काकू फळ्यासमोर सांगायची तसा.

दादाने फोन काढला. "आईला व्हिडिओ कॉल करून दाखवतो!" तो खरंच उत्साहात होता. खिंडीत सिग्नल शून्य. तो फोन वर धरून धोंड्यांवर चढला, खाली उतरला, पुन्हा चढला. मग म्हणाला, "ठीक आहे, रेकॉर्ड करतो."

सान्वी पाण्यात हात घालून बसली होती. तिने वर बघून विचारलं, "व्हाय इज आजी नॉट हिअर? धिस वॉज हर थिंग."

वहिनी म्हणाली, "सान्वी, वॉटर बॉटल कुठेय तुझी?" आठ वर्षांच्या मुलीला जे कळलं ते कळायला आपल्याला अजून काय शिकायचं बाकी आहे, हे मला तिथे समजेना. मी तिला म्हटलं, "बरोबर बोललीस." बाकी कोणी माझ्याकडे बघितलं नाही.

शनिवार, उरलेला

परतलो तेव्हा बाकड्यावर काकूशेजारी एक गोरी म्हातारी बसली होती. स्वयंसेवकाचा बिल्ला, दोन काठ्या, गुडघ्याला पट्टा. ती तिखट पुरी खात होती आणि डोळ्यांतून पाणी काढत होती. तिने आम्हाला सांगितलं, तुमच्या आईने मला जेवायला घातलं. मग प्रामाणिक कुतूहलाने विचारलं, "पण त्या वर का नाही गेल्या? मी विचारलं तर म्हणाल्या, बॅगा आहेत. तुमच्या गाडीला कुलूप नाही का?"

संदीप हसला. आम्ही सगळेही ओशाळं हसलो.

ती दर आठवड्याला वर जाते, एकटी, असं काकूने नंतर सांगितलं. वय काकूएवढंच. "तिला कोणी बसायला सांगितलं नाही वाटतं," काकू म्हणाली. एवढंच. पुऱ्यांचा डबा बंद केला.

"चला, आता काकूला नेऊ या," मी म्हणाले.

दादाने डोंगराकडे बघितलं. "आता ऊन फार झालंय गं. आणि शेवटी धोंडे आहेत, आईला नाही जमणार."

"हळूहळू जाऊ. आख्खा दिवस आहे."

"दोनला लंच आहे," वहिनी म्हणाली, "आणि मग आउटलेट मॉल. आईंनाच घरी न्यायला वस्तू घ्यायच्यात."

म्हणजे शेजारणींसाठी पर्सा, पुतण्यांसाठी बूट. काकूच्या नावावर लावलेली अजून एक जागा जिथे तिला जायचं नव्हतं.

"काकू, व्हिडिओ जबरदस्त आलाय, फोर-के!" संदीपने फोन तिच्यासमोर धरला. उन्हात पडदा काळा दिसत होता. तिने तळव्याने सावली केली, वाकून बघितलं. पंख्यासारखी पानं हलली. बेडूक ओरडला. व्हिडिओ संपला.

"छान आहे," ती म्हणाली. "पाहिलं मी. झालं."

मग मी ओरडले. पार्किंगमध्ये, त्या म्हातारीसमोर, मराठीत. की ही सहल कोणाची होती? की तुम्ही तिला देशातून उचलून आणलं, सहा महिने राबवलं, आणि तिने मागितलेली एकमेव गोष्ट तिला पाच इंची पडद्यावर दाखवताय? की ही बाई घरातलं कुलूप आहे का? दादाचा चेहरा पडला. वहिनी सान्वीला घेऊन गाडीत बसली.

आणि काकू माझ्यावर चिडली. माझ्यावर!

"झालं तुझं भाषण? सगळे माझ्या वतीनं बोलून राहिले. हा म्हणतो आईला जमणार नाही, ही म्हणते आईला मॉल पाहिजे, तू म्हणते काकूवर अन्याय झाला. मला विचारलं का कोणी? तू तरी?"

ती गाडीत जाऊन बसली. आम्ही मॉलला गेलो. मॉलमध्ये काकू कारंज्यापाशी बाकड्यावर बसली. पिशव्यांपाशी.

रविवार

विमान दुपारी दीडचं होतं. सकाळी काकू ओट्यापाशी चहा करत होती, बाकीचे झोपलेले. मी तिच्यासमोर उभी राहिले आणि विचारलं. भाषण नाही, कारणं नाहीत.

"काकू, तुला मरूद्यान बघायला जायचंय का?"

ती चहाकडे बघत राहिली. "सगळ्यांची झोप मोडेल."

"ते नाही विचारलं."

चहा उतू जायला आला. तिने गॅस बंद केला. "जायचंय," ती म्हणाली. आणि मग स्वतःच दादाच्या खोलीचं दार वाजवलं. "निखिल, ऊठ. मला मरूद्यान बघायचंय. गाडी काढ. आणि सामान तू सांभाळ."

दादा उठला. हे मी त्याच्या बाजूने लिहिते: लगेच, पायात चपला सरकवून उठला. वहिनीने बॅगा भरायचं अंगावर घेतलं. पार्किंगमध्ये पोचल्यावर दादाने व्हॅनच्या किल्लीचं बटण दाबलं, कुलूप लागल्याचा आवाज आला, आणि तो आईच्या मागून चालू लागला. सामानापाशी कोणीच बसलं नाही. जग बुडालं नाही.

काकू हळू चालते. गुडघे वळत नाहीत, ती पाय जरा बाजूने फिरवून टाकते. त्या शेंदरी फुलांच्या झुडपांपाशी थांबली, पान चोळून वास घेतला, म्हणाली, "ही बाभळीच्या घरातली वाटते." चुकीचं होतं ते, मी नंतर बघितलं, पण तेव्हा काय फरक पडतो. दादाने एकदा हात पुढे केला. तिने धरला. मी पुढे चालत घड्याळाकडे बघत होते आणि त्या घड्याळाचा मला इतका राग येत होता की काय सांगू. कारण शनिवारी आमच्याकडे आख्खा दिवस होता. शनिवारी वाट्टेल तितका वेळ होता.

धोंड्यांपाशी पोचलो. तिने हात टेकले, एक धोंडा चढली, दुसरा चढली. तिथून वळणापलीकडे शेंड्यांचे पंखे दिसतात, सहा-सात, उन्हात चमकणारे. पानांची सळसळ ऐकू येते. बेडूकही. पुढे अजून वीस-पंचवीस मिनिटं, तिच्या चालीने.

दादाने माझ्याकडे बघितलं. मी घड्याळाकडे.

"परत फिरावं लागेल नं?" काकूच म्हणाली.

"आई, विमान सोडू. उद्याचं तिकीट काढतो," दादा म्हणाला.

"उद्या सान्वीची शाळा. परवा माझं विमान. चल, काही नाही." ती धोंड्यावर टेकली. तिने डोक्यावरची टोपी काढली, चेहरा त्या शेंड्यांकडे केला आणि थोडा वेळ तशीच बसली, वारा येतो का बघत. वारा आला. गरम होता.

"रेवा," ती म्हणाली, "तू आत गेली होतीस काल. आत पाय टाकला की गार लागतं का गं? एकदम?"

"हो काकू. एकदम."

"मग बरं आहे," ती म्हणाली. "खोटं नाही शिकवलं पोरींना."

मंगळवारी ती दारव्ह्याला जायला निघाली. पुढच्या वर्षी नक्की, असं दादा म्हणाला. गुडघ्यांचं ऑपरेशन झालं की, ती म्हणाली. मला खात्री नाही, आणि तुम्हीही खात्रीने काही सांगू नका.

सांगायचंय ते तुम्हाला, जे हे ॲन आर्बरमध्ये, नेपरव्हिलमध्ये, कुठल्याही सोफ्यावर बसून वाचताय. आतल्या खोलीत तुमची आई किंवा सासू भाजी निवडत बसली असेल. आत्ता उठा आणि तिला विचारा, तुला काय बघायचंय? "काही नको, तुम्ही जा" असं म्हणाली तर तिथून हलू नका, पुन्हा विचारा. ती चहाकडे बघत राहील, तेव्हा थांबा. आणि तिथे पोचलात की बॅगा गाडीत टाका, गाडीला कुलूप लावा, आणि तिला पुढे चालू द्या.